पायपट्टीचा खाद्यडबा: नागपूरच्या परसबागेत उंदीर-घुशींना कितपत अडवतो

फेब्रुवारी सरत आला की नागपुरात उन्हाळी भाजीची लगबग सुरू होते. काकडी, दोडके, भेंडी, चवळीचं बी मातीत जातं आणि ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांना दोन दिवसांत आळी उकरलेली दिसतात. दोष कोंबड्यांवर जातो. पण कोंबडी दिवसा आणि पसरून उकरते. प्रत्येक बियाच्या जागी नेमकं छोटं भोक आणि बाजूला सोललेली टरफलं असतील तर ते काम उंदराचं. तो मुळात बियांसाठी आलेला नसतोच. त्याचं पोट खुराड्यातल्या खाद्यावर चालतं, बी त्याला जाता-येता सापडतं. म्हणून वाफ्याभोवती कुंपण घालण्याआधी पैसे खाद्याच्या डब्यावर घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा डबा जस्ताच्या पत्र्याचा असतो. समोर झाकण आणि त्याला जोडलेली पायपट्टी. कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडतं, उतरली की मिटतं. अंडी देणारी कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सहा कोंबड्यांना दिवसाकाठी साधारण ७०० ग्रॅम. १० किलोचा डबा एकदा भरला की दोन आठवडे पुरतो. उघड्या परातीत हेच खाद्य ठेवलं तर संध्याकाळी तळाशी उरतं आणि रात्री उंदीर ते संपवतात. एक उंदीर रोज १५ ते २५ ग्रॅम फस्त करतो. खाण्याहून वाईट म्हणजे तो त्यात मुततो आणि लेंड्या टाकतो. लेप्टो तापाचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू उंदराच्या मूत्रातून येतात, जुलाबाचे साल्मोनेला जंतू लेंड्यांतून. परात धुताना हातमोजे घालावेत ते याचसाठी.

डबा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात, बाकी रंगरूपाला महत्त्व नाही. पहिली, झाकणाला स्प्रिंग हवी. नुसतं स्वतःच्या वजनाने मिटणारं झाकण उंदीर नाकाने उचलतो. दुसरी, पट्टी आणि झाकण यांत निदान २० ते २५ सेंटिमीटर अंतर हवं. पट्टीवर उभ्या कोंबडीची मान खाद्यापर्यंत पोचते, उंदराचं तोंड पोचत नाही. पट्टी झाकणाला चिकटून असलेले स्वस्त डबे इथेच नापास होतात, कारण दोन-तीन उंदीर मिळून पट्टी दाबतात आणि लगेच आत तोंड घालतात. तिसरी, पट्टीवर किती वजन लागावं ते कमीजास्त करता यायला हवं.

या वजनाची परीक्षा पाण्याच्या बाटल्यांनी होते. पट्टीच्या टोकावर अर्धा लिटरची भरलेली बाटली ठेवा, झाकण हलता कामा नये. एक लिटरची ठेवा, पूर्ण उघडायला हवं. सव्वा ते दीड किलोच्या गावरान कोंबडीला हे प्रमाण बरोबर बसतं. वनराज किंवा गिरिराजसारख्या जड कोंबड्या असतील तर स्प्रिंग आणखी थोडी आवळता येते. साधा घरउंदीर जेमतेम पाव किलोचा, त्यामुळे तो प्रश्नच नाही. प्रश्न घुशीचा आहे. लहान जातीची घूस शेतात आणि नाल्याकाठी बिळं करते, ती बहुधा अर्ध्या किलोच्या आतच असते. मोठ्या जातीची घूस मात्र अर्ध्या किलोच्या वर जाते, कधी किलोच्या जवळ. तिच्यासाठी स्प्रिंगवर विसंबू नका, पट्टीचं लांब अंतरच तिला अडवतं.

कोंबड्यांना शिकवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सुरुवातीला खिळ किंवा बोल्ट लावून झाकण पूर्ण उघडं ठेवायचं. चार-पाच दिवसांनी अर्धं, म्हणजे पाय पडला की ते थोडं हलतं आणि आवाजाची भीती मोडते. मग बोल्ट काढायचा. या काळात बाहेर दाणे टाकणं बंद करा, नाहीतर कोंबड्या डब्याकडे फिरकत नाहीत. रोज संध्याकाळी मानेखालची पोटी चाचपून पाहा. जिची पोटी रिकामी तिला हाताने पट्टीवर उभं करा. तीन-साडेतीन महिन्यांच्या आतल्या तलंगांना वजन पुरत नाही आणि पिल्लांची मान झाकणात सापडू शकते. त्यांचं खाद्य वेगळं, जाळीबंद जागेतच द्यावं.

नागपूरच्या उन्हाचा विचार या डब्यांच्या घडणीत कुठेच दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याची पट्टी इतकी तापते की कोंबडी पाय ठेवून लगेच मागे घेते आणि दुपारभर उपाशी राहते. पट्टीवर लाकडी फळी किंवा जुन्या सायकल टायरचा तुकडा स्क्रूने बसवा, डबा पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत ठेवा आणि वाढलेल्या वजनाप्रमाणे स्प्रिंग पुन्हा जुळवा. पावसाळ्यात दुसरी अडचण येते. भुकटीचं खाद्य दमट होऊन डब्याच्या घशात गोळा होतं, तिथेच बुरशी धरते. गोळी किंवा चुरीचं खाद्य घ्या आणि जून ते सप्टेंबर डबा निम्माच भरा.

आता यातला सगळ्यात मोलाचा भाग, तो म्हणजे क्रम. खाद्य बंद झालं की उंदीर निघून जात नाहीत. आठ-दहा दिवस ते भुकेने सगळं हुंगत फिरतात. नेमका याच दिवसांत वाफा पेरलेला असेल तर भोपळा, काकडी, चवळीचं बी सगळ्यात आधी जातं, ठिबकची नळीही कुरतडली जाते. म्हणून डबा जानेवारीच्या अखेरीस बसवावा, त्याच आठवड्यात पिंजरे लावावेत आणि पेरणी त्यानंतर. उशीर झालाच असेल तर बी कुंड्यांत किंवा ट्रेमध्ये टेबलावर उगवून रोपं लावा.

पिंजरा साधा, तारेचाच उत्तम. नवी वस्तू दिसली की उंदीर काही दिवस तिच्यापासून लांब राहतो. म्हणून तीन-चार रात्री दार दोरीने बांधून उघडं ठेवा, आत सुकट किंवा शेंगदाणा-गूळ ठेवा. आमिष उचललं जायला लागलं की दोरी सोडा. जागा भिंतीला लागून, जिथे काळपट तेलकट माग दिसतो तिथे. दिवसा कोंबडी अडकू नये म्हणून सकाळी उचलून घ्या. चिकटपट्टी वापरू नका. तिच्यावर पिल्लं, पाली, खारी चिकटतात आणि तडफडून मरतात.

विषाबद्दल आम्ही ठाम आहोत: कोंबड्या असलेल्या परसात नको. झिंक फॉस्फाइडचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही आणि एखादा गोळा कोंबडीने टिपला तर ती वाचणं कठीण. ब्रोमाडायलोनची वडी सावकाश मारते, त्या चार-पाच दिवसांत सुस्तावलेला उंदीर कोंबडी पकडून खाते. कोंबड्या उंदीर खातात, हे अनेकांना ठाऊकच नसतं. असं विष यकृतात साठतं, अंड्यातही उतरू शकतं. गव्हाणी घुबड आणि धामण, म्हणजे फुकटात उंदीर मारणारे दोघे, तेही याच विषाने जातात.

डबा कितीही चांगला असला तरी खुराड्याची जाळी चुकीची असेल तर अंडी आणि पिल्लं उघडीच राहतात. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी घ्या, पिल्लांच्या कप्प्याला पाव इंची, कारण चिटुकल्या उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. घुशीसाठी जाळी खाली वळवून बाहेरच्या बाजूला ३० ते ४५ सेंटिमीटर आडवी पसरावी लागते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जाळी मातीपासून सुटते आणि घूस त्याच भेगेतून शिरते. तेव्हा आडव्या जाळीखाली चार बोटं मुरूम ठोकून घ्या, वर विटा दाबा. मातीला लागणाऱ्या भागाला डांबर फासलं नाही तर विष्ठेच्या ओलीने ती लवकर गंजते. आणि खुराड्यालगत तुराट्या-पऱ्हाटीचा ढीग, कुटाराची पोती ठेवू नका. उंदरांची बाळंतपणं तिथेच होतात.

एकंदरीत चार ते बारा कोंबड्यांच्या परसाला हा डबा घ्यावाच, अशी आमची शिफारस आहे. तयार डब्यात दोन बाटल्यांची परीक्षा दुकानातच करून घ्या. तसा मिळाला नाही तर इतवारीत लोहाओळीच्या भागात पत्र्याचं काम करणारा गाठा. २२ गेजचा पत्रा सांगा, कडा दुमडून घ्यायला सांगा म्हणजे कोंबडीची मान कापणार नाही, आणि पट्टीचं अंतर कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलं की पट्टी आखूडच करून मिळते.