उगाबकाठची गवंडीगिरी: नामिबियातल्या एहराबद्दल

पैसे आपण भरायचे आणि गवंड्याच्या हाताखाली बिगारीही आपणच करायची, असा हा सौदा आहे. नामिबियातली एहरा (एलिफंट-ह्यूमन रिलेशन्स एड) ही संस्था स्वयंसेवकांना दोन आठवड्यांसाठी घेते. पहिल्या आठवड्यात दगडी भिंत बांधायची, दुसऱ्यात रानटी हत्तींचा माग काढायचा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा दुसऱ्या आठवड्याचा, पण तो माझ्या आवडीचा भाग, त्यांचा दोष नव्हे.

मी सिव्हिल इंजिनिअर, बाबा सावंतवाडीचे छोटे कंत्राटदार. शाळेच्या सुट्ट्या साइटवर वाळूच्या ढिगावर गेल्या. त्यामुळे हे लिहिताना हत्तींपेक्षा भिंतीबद्दल जास्त बोलले तर चालवून घ्या.

भिंत कशासाठी, ते आधी सांगते. उगाब ही नदी म्हणायची, पण वर्षातले मोजके दिवस वाहते. एरवी नुसती वाळू आणि काठाला मोठमोठी झाडं. पाणी असतं ते जमिनीच्या पोटात. इथली वस्ती म्हणजे पत्र्याची दोन-तीन घरं, शेळ्यांचा गोठा, एक पवनचक्की किंवा सौरपंप आणि पाण्याची टाकी. हत्तीला या पाण्याचा वास लांबून लागतो. तो एका वेळी शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितो, पण खरी धास्ती पिण्याची नसतेच. पाइप उपटला, टाकी कलंडली किंवा पंप मोडला की पाणी थांबतं, आणि सुटे भाग मिळायला गाडी करून कुठच्या कुठे जावं लागतं. तोवर माणसं आणि शेळ्या दोघांनी काय करायचं? म्हणून टाकी आणि पंपाभोवती भिंत घालायची, तीही सोंड आत पोहोचणार नाही इतकं अंतर सोडून. हत्तीला उडी मारता येत नाही, त्यामुळे उंचीचा फार अट्टहास नको. रुंदी आणि वजन मात्र हवंच.

सकाळी उन्हाच्या आत गाडी काढून दगड वेचायला जायचं. दगड उचलायच्या आधी पायाने ढकलून बघायचा, खाली विंचू असतो. मग वाळू भरायची, पाणी बेताने घालून माल कालवायचा आणि थर चढवायचे. आमच्या गटात दोन जर्मन नर्सबाई, एक निवृत्त इंग्रज पोस्टमन, कॉलेजातली पोरं, आणि घमेलं हातात धरायची सवय असलेली मी एकटी. पहिल्या दिवशी सगळे देखणी बाजू बाहेर काढून गोटे एकावर एक रचत होते. सांध्यावर सांधा येत होता. तिथला स्थानिक मुकादम काही न बोलता आला, दोन दगड काढले, एक लांब दगड आडवा घालून दोन्ही अंगं बांधली आणि चिपा ठोकून दिल्या. आमच्या बाबांनी आधी चार शब्द सुनावले असते. हा माणूस बोलला नाही, पण हात तोच.

मला काळजी होती पाणी मारण्याची. जिथे प्यायला पाणी मोजून, तिथे भिंतीवर कोण मारणार? उन्हात माल बघता बघता कोरडा पडतो. दोन दिवसांनी मांडणी नीट कळली. इथे जोर सिमेंटवर नाहीच. बुंध्याला जाड, वर निमुळती, गोलाकार भिंत, बरीचशी स्वतःच्या वजनावर उभी. माल फक्त दगड हलू नये म्हणून.

या आठवड्यात आंघोळ नाही. पाणी पिण्याला, स्वयंपाकाला आणि भिंतीला. शौचाला आडोशाचा खड्डा. स्वयंपाक पाळीपाळीने, चुलीवर, तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात. शाकाहारी असाल तर आधी कळवा, सोय होते. मी मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. लोणचं पोस्टमनकाकांनी संपवलं.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, त्याशिवाय भिंतीचा अर्थ लागत नाही. वर्णभेदाच्या काळात इथे राज्य करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९६४ च्या ओडेंडाल आयोगाच्या अहवालावरून दामारा लोकांसाठी 'दामारालँड' आखला आणि माणसांना या कोरड्या जमिनीवर आणून बसवलं. पुढे शिकारीने आणि युद्धाच्या धामधुमीत उगाबचे हत्ती नाहीसे झाले. १९९० साली देश स्वतंत्र झाला आणि त्या दशकात हत्ती परतले. तोवर हत्तीसोबत राहायचं कसं, हे माहीत असलेलं कोणी उरलं नव्हतं.

हे ऐकताना मला आमच्या सिंधुदुर्गातलं तिलारी खोरं दिसत होतं. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले तेव्हा आमच्याकडेही कोणाला काही माहीत नव्हतं. मामाची केळी गेली, माड गेले, पंचनामे झाले. फटाके, चर, मशाली सगळं झालं. मी नामिबियाला निघाले तेव्हा मामा म्हणाला, "अगो, हत्ती बघूक पैशे दिवन खंय जातंस? हंयसर ये, फुकट दाखयतंय." त्याचं बरोबरच आहे. पण आमच्याकडे हत्तीला हाकलायचं कसं यावरच डोकी आणि पैसा खर्च झाला. इथे त्यांनी अगोदर विचारलं की या घराचं नेमकं काय मोडलं तर घर बसतं? उत्तर आलं पाणी. मग तेवढंच वाचवलं. दोडामार्गात हे जसंच्या तसं चालणार नाही, अख्ख्या बागायतीला दगडी भिंत कोण घालणार? पण प्रश्न विचारायची ही रीत मात्र उचलण्यासारखी आहे.

दुसरा आठवडा गाडीतून. वाळूतले ठसे आणि लीद बघत कळप शोधायचा, मग कानाच्या फाटलेल्या कडांवरून कोण कुठला ते ओळखून नोंद करायची. हे हत्ती वेगळ्या जातीचे नाहीत. आफ्रिकी हत्तीच, फक्त वाळवंटात राहायला सरावलेले, पाण्यावाचून काही दिवस काढणारे. जवळ जाणं, हात लावणं, खायला घालणं असलं काही नाही, आणि ते उत्तमच. पण तासन् तास बसून राहणं मला जमत नाही. माझ्या शेजारच्या नर्सबाईंचा हाच आठवडा सगळ्यात आवडता.

संध्याकाळी शेकोटीपाशी अवघड विषयही निघतात. १९९६ च्या कायद्याने नामिबियात गावकऱ्यांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला. त्यातून पर्यटनाचा पैसा गावात येतो, तसा परवाना घेऊन केलेल्या शिकारीचाही येतो. नामिबियाच्याच सरकारने २०२० मध्ये १७० रानटी हत्ती विकायला काढले होते, आणि २०२४ च्या दुष्काळात मांसासाठी मारायच्या ७२३ प्राण्यांत ८३ हत्ती धरले होते. मुंबईतून गेलेल्या माणसाला हे ऐकून लगेच संताप येतो. जिची टाकी दोनदा मोडली त्या दामारा आजींसमोर बसल्यावर तो संताप तितकासा टिकत नाही. निकाल मी अजून दिलेला नाही.

आता कामाचं. ज्या एजंटाकडून मी तिकीट काढलं त्याने याला 'एलिफंट सफारी' म्हणून वर कमिशन लावलं. संस्थेकडे थेट नाव नोंदवा. विंडहुकहून स्वाकोपमुंडपर्यंत साधारण ३६० किलोमीटर, गट तिथून निघतो. स्वाकोपमुंडला समुद्राचं गार धुकं असतं, आत वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी. जून ते ऑगस्ट जाणार असाल तर स्वेटर नाही, चांगलं जॅकेटच न्या. आदिस अबाबावरून विमान घेणार असाल तर यलो फीव्हरच्या लशीचं आधीच बघा. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकच, रँड तिथे चालतात. कंबरदुखी असेल तर या भानगडीत पडू नका. हत्तीला अंघोळ घालतानाचा फोटो हवा असेल तरीही नको. हातमोजे आपल्या मापाचे घरूनच न्या, दोन जोड. एक जोड पहिल्या आठवड्यातच फाटतो.