स्प्रिंग फिरवायचे १३,७५० रुपये

पैसे गेले ते गेलेच, वर घरात रोज ऐकून घेतोय ते वेगळं. लिहायची लाज वाटते, पण जळगाव-भुसावळकडे ज्यांनी ज्यांनी पैसे टाकले की वेफर्सचा पुडा देणारी मशीनं बसवलीत त्यांनी वाचा.

माझं मशीन सेकंडहँड, एका क्लासच्या जिन्याखाली आहे. एप्रिलमध्ये दुसऱ्या ट्रेमधल्या तीन स्प्रिंगा नीट माल टाकेनात. पोरं पैसे टाकायची, स्प्रिंग एक वेढा फिरायची आणि केळी वेफर्सचा पुडा काठावर लटकून राहायचा. मग लाथा. पुडा पडला की नाही ते बघणारा सेन्सर माझ्या जुन्या मशीनला नाही, म्हणून पोरांचे पैसे मीच खिशातून परत करायचो.

फोनवर शोधून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. गळ्यात आयकार्ड, बॅग, मीटर, सगळं व्यवस्थित. काच उघडून दोन मिनिटांत म्हणाला, "भाऊ, तिन्ही मोटरी गेल्या, बोर्डपण शॉर्ट आहे." व्हिजिट ५००, तीन मोटरी १,८५० प्रमाणे ५,५५०, बोर्ड दुरुस्ती ६,५००, सॉफ्टवेअर सेटिंग १,२००. एकूण १३,७५०. १०,००० आधी ऑनलाइन घेतले, बाकीचे रोख. पुड्यामागे मला दोन रुपये सुटतात. करा हिशोब: ६,८७५ पुडे!

मोटरी जळल्या असत्या तर स्प्रिंग फिरली कशी असती? हे मला तेव्हा सुचलं नाही. पण त्याहून वाईट पुढेच आहे. मशीन घेतल्यावर मी प्रत्येक मोटरच्या पाठीवर निळ्या स्केचपेनने नंबर टाकले होते. काम झाल्यावर त्याने ट्रे ओढून "नवीन" मोटर दाखवली. तिच्यावर माझ्या हातचा वाकडा ४, आणि कडेला शेवेचा पिवळा चुरा तसाच चिकटलेला. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं! आणि मनात म्हणालो, बघा किती नीट माणूस, जुना नंबरसुद्धा उतरवून घेतला. बाहेर उन्हाने जीव चाललेला, क्लास सुटायची वेळ, पोरं मागे उभी. अशा वेळी कोणाचं डोकं चालतं?

आठ दिवसांनी भाचा आला, आयटीआयचा पोरगा. मोटर बघितली आणि हसायलाच लागला. "मामा, हाई मोटर जुनीच शे ना!" शेजारची एक स्प्रिंग तशीच अडत होती. मेन स्विच बंद करून त्याने ती मागच्या खाचेतून पुढे ओढून सोडवली, थोडी फिरवली, परत खाचेत बसवली. एक वेढा पुरा होऊन मोटर थांबते तेव्हा माझ्या मशीनमध्ये स्प्रिंगचं टोक खाली, घड्याळातल्या सहाकडे यायला हवं. ते बाजूला तीनवर थांबत होतं, म्हणून पुडा अडकायचा. माल भरताना मीच हिसका दिला असणार. चार मिनिटांचं काम, खर्च एक चहा. त्या दुरुस्तीवाल्यानेही तिन्ही स्प्रिंगांना एवढंच केलं असणार.

आणि हो, फुगीर पुडा बारीक वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये कोंबू नका. दोन वेढ्यांच्या मधल्या जागेत तो सैल बसला पाहिजे.

पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार विचारतात, "मशीन चालतंय ना आता? मग फसवणूक कसली?" अर्ज घेतला, शिक्का मारला नाही. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी ही दिवाणी बाब. ऑनलाइन पैसे गेले म्हणून दुसऱ्या टेबलवर पाठवलं, तिथे ऐकवलं की पैसे तुम्हीच तुमच्या हाताने पाठवलेत. एका कार्यालयात तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही. अहो, पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवण्याकरता घेतलेला माल व्यापारी हेतूत धरत नाहीत, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय! हे मी वाचून गेलो होतो, त्याने वाचलेलं नव्हतं. चार चकरा, चार दिवस मशीन रिकामं, आणि हातात शिक्का नसलेला कागद.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. पक्कं बिल मागा. माझं कच्चं आहे, त्यावर जीएसटी नंबर नाही की मोटरचा नंबर नाही. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. "भाऊ, लांब उभे राहा, करंट आहे" म्हणाला तर मुद्दाम जवळ जा, मेन बंद करून.

त्या दुरुस्तीवाल्याचा फोन आता लागत नाही. मोटरीवरच्या त्या निळ्या ४चा फोटो माझ्याकडे आहे. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे कोणाच्या मशीनच्या अशाच तीन मोटरी "जळल्या" असतील तर पाठीमागून एकदा बघून घ्या आणि मला कळवा, तक्रार सोबत करू.