जिओड फोडण्याचा संच: दगड अव्वल, पुस्तिका तोकडी

जिओड म्हणजे आतून पोकळ आणि पोकळीत स्फटिक असलेला दगड. भाचीसाठी घेतलेल्या या संचातले दगड अस्सल आहेत, हे आधी सांगते. प्लास्टरच्या गोळ्यात काचेचे तुकडे खुपसलेला माल हा नव्हे. दिसायला बटाट्यासारखे ओबडधोबड, पण आकाराच्या मानाने हलके. आत पोकळी असल्याची ती खूण. एक दगड मात्र चांगलाच जड होता. फोडला तर आतून गच्च भरलेला. भाची हिरमुसली, पण मला तोच सगळ्यांत कामाचा वाटला.

कारण पुस्तिकेत जिओड कसा घडतो याबद्दल 'निसर्गाची किमया' यापलीकडे काही नाही. एवढ्यावर कुठल्या मुलाचं समाधान होणार? मग मीच सांगितलं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, कधी चुनखडीत पोकळी तयार होते. खडकातून झिरपणारं पाणी विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, घेऊन तिथे पोचतं. आधी भिंतीला अकीकासारखा बारीक कणांचा थर बसतो, त्यावर सिलिकाचेच, म्हणजे क्वार्ट्झचे, स्फटिक वाढतात. सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला, कारण मोकळी जागा तिथेच असते. पाणी येतच राहिलं तर पोकळी बुजून जाते. "म्हणजे आपला जड दगड!" भाची लगेच म्हणाली.

संचात साधा लोखंडी खिळाही द्यायला हवा होता. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 असा सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर कॅल्साइटचा (चुनखडीतल्या मुख्य खनिजाचा) कठीणपणा 3, क्वार्ट्झचा 7, आणि खिळा या दोघांच्या मधला. त्यामुळे कॅल्साइटवर ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर नाही. आमच्या एका दगडात दोन्ही निघाले, आणि कॅल्साइटवर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडेही आले. मुलं यात दगड फोडण्याइतकीच रमतात.

एक गोष्ट मला खटकली. खोक्यावर जांभळ्या अमेथिस्टचं मोठं चित्र आहे, आत सगळे पांढरे स्फटिक. अमेथिस्टही क्वार्ट्झच, त्यात किंचित लोह असतं आणि नैसर्गिक किरणोत्सारामुळे जांभळा रंग येतो. ब्राझील आणि उरुग्वेच्या बेसाल्टमध्ये तो भरपूर सापडतो, या संचात नाही. शिवाय नमुना म्हणून दिलेला भडक गुलाबी तुकडा रंगवलेला आहे. रंग भेगांमध्ये साचलेला स्पष्ट दिसतो. रंगवायला माझी हरकत नाही, पण मुलांना तसं सांगायलाच हवं.

संचातला डोळे वाचवायचा चष्मा लहान चेहऱ्यावरून घसरतो, दुसरा घ्या. दगड जाड मोज्यात घालून कडेकडेने फिरवत हलके ठोके द्या. एकदम जोरात मारला की स्फटिकांचा चुरा होतो. कडा धारदार असतात आणि धूळ नाकात जाता कामा नये.

पुस्तिकेतलं एक पान मात्र छान आहे: स्पेनमधल्या पुल्पीचा जिओड. 1999 मध्ये जुन्या खाणीत सापडलेला, सुमारे 8 मीटर लांब, आत जिप्समचे पारदर्शक स्फटिक आणि माणसं शिरतील एवढी जागा. असं आणखी हवं होतं. तरी दगडांसाठी मी हा संच पुन्हा घेईन. आठ वर्षांपुढच्या मुलांना द्या, शेजारी मोठं माणूस असेल तरच.