पांढरी माशी: साबणाचं पाणी मारावं की निंबोळी तेल?

जास्वंदीची फांदी हलवली की पांढरा भुगा उडतोय ना, मग ती पांढरी माशीच. कापसासारखं ढिम्म चिकटून बसलेलं असेल तर तो पिठ्या ढेकूण. तरी डाऊट असेल तर पान उलटं करून बघा, फिकट, चपटी, जागची न हलणारी पिल्लं दिसतील. खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी चढली असेल तर उशीरच झालाय.

इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक नर्सरीवाले लगेच काढून देतात, पण जास्वंदीवर मधमाश्या येतात आणि फुलं आमच्या गणपतीला जातात, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही.

राहिले हे दोन. ताकदीला निंबोळी तेल सरस, हे मान्य. पिल्लांची वाढच अडते, आणि साबणाचं तसं नाही, अंगावर पडला तरच माशी मरते, वाळला की विषय संपला. अंडी वाचतात म्हणून ५ ते ७ दिवसांनी परत मारावंच लागतं. (तेलही परत मारावं लागतंच म्हणा.)

पण तेलातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारा मुख्य घटक, उन्हात टिकत नाही, म्हणून ते मारायचं संध्याकाळी. आणि एप्रिल-मे मध्ये सोलापुरात आम्ही झोपतो कुठं, तर गच्चीवर, त्याच कुंड्यांशेजारी गाद्या टाकून. तो उग्र कडवट वास रात्रभर नाकात, वारं पडलं की अजूनच, उशीच्या अभ्र्याला पण यायला लागला आणि आई एकदा गादी गुंडाळून सरळ खाली गेली. साबण मात्र पहाटे उठल्या उठल्या मारता येतो, ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने पानं धुवायची, झालं.

साबणाची एकच अट, बोअरचं पाणी नको. जड पाण्यात फेसच होत नाही, नुसता पांढरा साका बसतो. नळ रोज येत नसला तरी पिंपातलं लिटरभर पाणी पुरतं, त्यात साधारण ५ मिली लिक्विड सोप, कपड्याची पावडर अजिबात नको. फवारा पानाच्या खालून, आणि आधी दोन-चार पानांवर मारून बघा.

तुमची झाडं अंगणात लांब असतील आणि माशी फारच माजली असेल तर तेल घ्या, माझं काही म्हणणं नाही. लिटरला ३ ते ५ मिली, पण ते पाण्यात मिसळायला थोडा साबण घालावाच लागतो.