माहिती अधिकार: सात महिने वापरून झाल्यावर

वडील गेल्यावर गावच्या जमिनीवर वारस नोंद करायची होती. गाव पुणे जिल्ह्यातच, मी कोथरूडला राहतो. डिसेंबरात अर्ज टाकला, नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले, हरकत कुणाचीच नाही, आणि मग सगळं ठप्प. ऑफिसबाहेर टपरीवर एकजण भेटला, म्हणे ३ हजार द्या, आठवड्यात सातबारा हातात. "साहेब एकटे नाही खात हो, वाटून जातं." जसं काय भिशीच समजावून सांगतोय.

आई म्हणाली दे बाबा, संपव. पण २०१८ पासून देणारापण गुन्हेगार, जबरदस्तीने द्यावे लागले तर ७ दिवसांत तक्रार करायची, हे माहीत होतं म्हणून हात आखडला (खरं सांगायचं तर रागच जास्त होता). १०६४ ला (लाचलुचपत विभागाची हेल्पलाइन) फोन करणार होतो, पण मागणारा ऑफिसचा माणूसच नव्हता, म्हणून तेव्हा मला वाटलं उपयोग नाही.

मग माहिती अधिकार. १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला, विचारलं "माझी नोंद का झाली नाही?" बरोबर तिसाव्या दिवशी उत्तर: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. इथेच बरेच लोक सोडून देतात, मीपण सोडणार होतो. मग माझ्या कामाच्या ऑफिसातल्या एका सिनियरने सांगितलं, अरे "का" विचारायचंच नाही, कागद मागायचा. २० रुपयाचा स्टॅम्प लावून अपील करता आलं असतं, पण मी नवाच अर्ज केला: फेरफार नोंदवहीची प्रत द्या, अर्ज कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कोणत्या पदाच्या माणसाकडे होता त्याची नोंद द्या. आणि पोच घेतली. पोचेवर शिक्का मारताना क्लार्कने अर्ज दोनदा वाचला, पेन कानावर ठेवलं आणि आत गेला.

नवव्या दिवशी फोन, "अहो एवढं कशाला, आधी बोलायचं ना!" जुलै उजाडायच्या आत नोंद मंजूर. प्रती नंतर आल्या, २ रुपये पानाप्रमाणे १४ पानं, २८ रुपये. फाइल ७१ दिवस एकाच टेबलवर होती, शेरा काहीच नाही.

स्टॅम्प, झेरॉक्स मिळून शंभरच्या आत खर्च. पण सहा हाफ डे गेले आणि पेट्रोल वेगळं. शेजारच्या बांधावरच्या काकांनी ३ हजार दिले, त्यांचं काम १० दिवसांत झालं, रोजंदारीवरच्या माणसाला सहा वेळा रजा कोण देणार, त्यांना मी काय बोलणार.

टपरीवाला एजंट परवा भेटला. "तो अर्ज कसा लिहिला होता हो? एका गिऱ्हाइकाला पाहिजे."