हरकत लिहायची कशी: रुपयांच्या हिशेबाने की हक्काच्या भाषेने?

खाडीकाठचा नियम सैल करणारा मसुदा निघाला की नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सच्या सोसायट्यांत हाच वाद पहिला होतो. पर्यावरण नियमांनुसार हरकतींना ६० दिवस मिळतात. त्यातले दहा-पंधरा या वादातच जातात.

हिशेबवाल्यांचं म्हणणं सरळ आहे: सरकारला आकडा कळतो. अमेरिकेत १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने मोठ्या नियमांना फायदा-तोट्याची चाळणी लागली, आणि टेबलापलीकडून 'आकडा दाखवा' आपल्याकडेही ऐकू येतंच. पण आकडा माणसं जोडतो का? नियम टिकला तर बिल्डरचं नुकसान चार जणांचं आणि मोठं, म्हणून ते सल्लागार नेमतात. तिवरांचा, म्हणजे खाडीतल्या खारफुटीचा, फायदा मात्र लाखोंमध्ये वाटला जातो. आमच्या सोसायटीत एका निवृत्त अकाउंटंट काकांनी एक्सेलमध्ये तो मांडला, तर फ्लॅटमागे वर्षाला जेमतेम काहीशे रुपये निघाले. पुढच्या मीटिंगला निम्म्या खुर्च्या रिकाम्या!

त्यात दराची गंमत, म्हणजे पुढच्या रुपयांची आजची किंमत काढताना वर्षाला किती टक्के कमी धरायचे त्याची. ३० वर्षांनी होणारं १ लाखाचं नुकसान १० टक्के दराने आज सुमारे ५,७३० रुपयांचं ठरतं, ३ टक्क्यांनी सुमारे ४१,२०० रुपयांचं. दर कोण ठरवणार? आणि जवळच्या दिवाळे गावच्या कोळणी पाटीत निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) घेऊन विकायला बसतात, त्याचं बिल नसतं. त्या हिशेबातून गळतात, मग मोर्चातूनही. मला हे सगळ्यात महागात पडणारं वाटतं.

हक्काच्या भाषेला पाठबळ आहे. सप्टेंबर २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड हा घटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग ठरवला आणि तिवरांभोवती ५० मीटरचा बफर, म्हणजे मोकळा पट्टा, कायम ठेवला. इथे फ्लॅटमागे किती, हा प्रश्नच येत नाही. कोळीण आणि काका एकाच अर्जावर सही करतात. उणीव एकच: नुसत्या घोषणा लिहिल्या तर 'नोंद घेतली' म्हणून फाईल बंद.

मी पहिल्या पानावर कलम २१ आणि ५० मीटर ठेवेन, दुसऱ्यावर दिवाळ्याच्या बायकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत. काकांचा तक्ता जोडपत्रात, तोही दोन्ही दरांनी. आठवडाच उरला असेल तर तक्ता सोडा, सह्या घ्या. फक्त लिफ्टमध्ये नको. तिथे लोक न वाचताच सही ठोकतात.