ईस्टरला कुठलं बसवायचं: ‘इन ख्राइस्ट अलोन’ की ‘टेन थाउजंड रीझन्स’?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, मराठी प्रार्थनेचा ग्रुप आहे, दहा-बारा जण, पेटी आहे, ढोलकी आहे, गिटारवाला पोरगा पुण्याला गेला, तर या दोन इंग्लिश ख्रिस्ती गाण्यांपैकी कुठलं मराठी करून बसवायचं. ताई, मी वास्कोत दोन्ही बसवून बघितलीत आणि एकात चांगलाच आपटलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘इन ख्राइस्ट अलोन’. २००१ चं. चाल उत्तर आयर्लंडच्या कीथ गेटीची, शब्द इंग्लंडच्या स्टुअर्ट टाउनएंडचे, आणि चाल आधी झाली, शब्द नंतर त्यावर बसवले. चार कडवी, ध्रुपद नाहीच, जन्म, क्रूस, पुनरुत्थान आणि मग आपलं जगणं-मरणं अशी सलग गोष्ट, त्यामुळे वेळ नाही म्हणून मधलं कडवं गाळलं की क्रूसावरून थेट पुढे उडी पडते. तीनचा ठेका आहे, म्हणजे ढोलकीवर सहा मात्रांचा दादरा आरामात बसतो, हा मोठा फायदा. पण चाल खालच्या पंचमातून निघते आणि तिसऱ्या ओळीत वरच्या सा ला जाते. आम्ही पांढरी दोन (पेटीची डी पट्टी) धरली तर वर निम्मे लोक गप्प, मग पट्टी खाली आणली तर पहिली ओळ बायकांच्या गळ्यातच राहिली, ऐकूच येईना, आणि वर पेटी एकटीच वाजतेय. कोकणी मिसाला चार आवाजात गाणारा कॉयर असतो, मेस्त (कॉयरचा मास्तर) असतो, नोटेशन वाचणारे असतात, तिथे हे खपून जातं. आपल्याकडे सगळे एकाच पट्टीत.

‘टेन थाउजंड रीझन्स’ २०११ चं, मॅट रेडमन आणि योनास मिरिन या दोघांचं. स्तोत्र १०३ वर आधारलेलं, आणि ते ‘हे माझ्या जिवा’ वालं स्तोत्र आपल्या लोकांना पाठच असतं, म्हणजे मराठी शब्द अर्धे तयार. सुरुवातच ध्रुपदाने, तेच परत परत येतं, कागद हरवला तरी चालतं. ठेका केरव्यात, म्हणजे चार-चारच्या तालात जातो. त्रास एकच, काही शब्द समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, जरा आधी पडतात, आमचे ढोलकीवाले काका दर वेळी थांबून माझ्याकडे बघायचे. शेवटी मी ते शब्द सरळ समेवर आणले. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.

आता भाषांतर, खरं दुखणं इथेच. इंग्लिश ओळ बहुतेक वेळा हलक्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या अक्षरावर जोर देते. तिथे ‘येशू’ टाकलं की ‘ये’ चेपतो आणि ‘शूऽऽ’ लांबतो, ऐकायला विचित्र. त्याऐवजी ओळ लघु-गुरू शब्दाने सुरू करा, कृपा, दया, प्रभू, तुझा, आपोआप बसेल. गोव्यातल्या राशोलला १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण हे ख्रिस्तावरचं मराठी काव्य छापलं तो फादर स्टीफन्स इंग्लंडचाच होता, पण त्याने इंग्लिश छंद लादला नाही, ओवी धरली. शहाणा माणूस.

आणि परवानगी. दोन्ही गाणी कॉपीराइटमधली, भाषांतर छापून वाटायचं तर प्रकाशकाला विचारावं लागतं. शब्दांबाबत लेखक किती हट्टी असतात बघा, २०१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्रेस्बिटेरियन भजनसंग्रहाच्या समितीला ‘इन ख्राइस्ट अलोन’ मधली देवाच्या क्रोधाची ओळ बदलायची होती, गेटी-टाउनएंडनी नाही म्हटलं, गाणं संग्रहाबाहेर राहिलं. मराठीत ती ओळ तुम्ही गुळगुळीत करणार असाल तर मग हे गाणं घेऊच नका. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या रचनांना ही परवानगीची भानगड नाही, ते १९१९ ला गेले, कॉपीराइट केव्हाच संपला.

कोणी डॅन शुट यांचं ‘हिअर आय अ‍ॅम, लॉर्ड’ सुचवेल, छान आहे, पण कडव्यात देव बोलतो आणि ध्रुपदात माणूस उत्तर देतो, त्याला एक बरा सोलो गळा लागतो.

तुमच्या दहा-बारा जणांसाठी मी रेडमनवालं घेईन. पण ईस्टर सकाळी पुनरुत्थानाचं कडवं हवंच असेल तर ‘इन ख्राइस्ट अलोन’ घ्या आणि तिसरी ओळ फक्त वर जाणाऱ्या दोघी-तिघींना द्या, बाकीच्यांनी चौथीला यायचं. आम्ही दुसऱ्या वर्षी तेच केलं, काकांचा दादरा तर असा रंगला की गाणं संपल्यावरही दोन आवर्तनं चालूच.